सगळं सरांमुळंच

माझ्या मुलीबद्दल लिहायचं तर एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं, म्हणून आधीच घेऊन टाकतो. अनिमेष. नांदेडला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. बोलायला गोड आहे, आणि त्याचं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरतं. आता मंजुश्रीचं सांगतो.

मुरुडला आमचं पत्र्यांचं दुकान. मंजू एक वर्षाची होती तेव्हा भूकंप झाला आणि किल्लारीकडं शेड उभी करायला आमच्या दुकानातून पत्रे गेले. तिकडच्याच एका गावात माझी थोरली बहीण लक्ष्मम्मा दिली होती. तिचा नवरा आणि दोन लेकरं घराच्या दगडांखाली गेली. तिला आम्ही मुरुडला आणलं. अक्का पुढं वीस-बावीस वर्षं जगली, पण छपराखाली एकदाही झोपली नाही. अंगणात बाज आणि बाजेखाली पाण्यानं भरलेली पितळी वाटी. वाटीतलं पाणी हललं की पळायचं, एवढंच तिला ठाऊक. पावसाळ्यात बाज कुठं टाकायची यावरून घरात रोज भांडण. मंजू तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. बाज ओढायला तीच आणि वाटी भरायलाही तीच.

दहावीला मंजूला चांगले मार्क पडले आणि लातूरचे क्लासवाले आमच्या दारात येऊन बसले. एकानं तर सत्कारच ठेवला. एकेक पालक स्टेजवर जायचा, शाल घ्यायचा आणि माइकवर म्हणायचा, "सगळं सरांमुळंच." मग सर माइक ओढून म्हणायचे, "नाही नाही, मुलीची मेहनत!" टाळ्या. मीही हात जोडून तेच म्हणालो. त्या सरांनी तेव्हा मंजूला एक तासही शिकवलेलं नव्हतं. पण आमच्याकडं असंच बोलतात. आपण मोठेपणा द्यायचा, समोरच्यानं तो परत करायचा. ठेवून घेणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

मंजूला त्याच क्लासला घातलं, पण मेडिकलला तिचा दोनदा नंबर लागला नाही. ज्या सरांमुळं सगळं होत होतं, ते तेव्हा ऑफिसात सापडायचे नाहीत. लातूरच्या हॉस्टेलच्या खोलीत चार पोरी, भिंतीवर टाइमटेबल, आणि आमची मंजू वाळत चाललेली. शेवटी ती म्हणाली, नांदेडला कॉम्प्युटर शिकते. मी चिडलो, पण पाठवलं. तिथं हा अनिमेष भेटला.

तीन वर्षांनी ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली.

"गेम केलाय, अप्पा."

"डॉक्टर व्हायला धाडलं व्हतं तुला, आन् तू खेळ करत बसलीस?"

"बघा तरी. मग शिव्या द्या."

पडद्यावर आमचं अंगण होतं. बाज होती, बाजेखाली वाटी. खेळणाऱ्यानं रोज बाजेला जागा शोधायची. कधी पाऊस, कधी कुत्री, कधी दव. वाटीतल्या पाण्यावर नजर ठेवायची. आणि बाजेवरच्या बाईला न दुखवता बाज जराजरानं दाराकडं सरकवायची. ती बाई उंबऱ्याच्या आत झोपली की खेळ संपला. अक्का जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी मागं जाऊन पत्र्यांच्या थप्पीआड रडलो, आणि बाहेर येऊन विचारलं, "याच्यावर नाव तुझंच राहतंय ना?"

"माझंच की. दुसरं कुनाचं असंल?" ती म्हणाली. तिला तेवढंच हवं होतं. गेमवर आपलं नाव, मेडिकलच्या यादीत दोनदा न आलेलं.

दोन हजार सोळाला हैदराबादेत गेम करणाऱ्यांचा मोठा मेळावा होता. देशोदेशींचे लोक येणार होते. अनिमेषनं क्लासच्या नावानं एक टेबल घेतलं, कारण इंग्रजी त्याला येत होतं. लग्नाची पोर एकटी कशी पाठवायची, म्हणून मीही निघालो. कपाळाला विभूती लावून, पांढरा सदरा घालून त्या एसीत कुडकुडत उभा राहिलो. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे अडकवलेली पोरं आमच्याकडं न बघताच पुढं जात होती. हे शिकलेले लोक! एकानंही बसा म्हटलं नाही.

दुपारी मार्लेन नावाची जर्मन बाई आली. ती नव्या लोकांचे गेम तिकडं बाजारात आणायची. ती खुर्ची ओढून बसली आणि कितीतरी वेळ बाज सरकवत राहिली. मग डोळे पुसून तिनं काहीतरी विचारलं. मंजू उत्तर द्यायला पुढं झाली, पण तिच्या ओठांशी इंग्रजी शब्द अडकले. तेवढ्यात बाईचं लक्ष माझ्याकडं गेलं. तिनं हसून मलाच विचारलं.

अनिमेषनं मला मराठीत सांगितलं, "अप्पा, त्या विचारताहेत की हे सगळं तुमच्या मुलीनं केलं का?"

मी अनिमेषपुढं हात जोडले. "पोरीचं काय हाय त्यात? सगळं सरांमुळंच."

आणि थांबलो. आता अनिमेष 'नाही नाही' म्हणेल म्हणून थांबलो. त्यानं मान लववली आणि माझं वाक्य त्या बाईला इंग्रजीत सांगितलं. बाईनं वहीत लिहून घेतलं आणि आपलं कार्ड त्याच्या हातात दिलं. मंजू माझ्याकडं बघत होती. मला तेव्हाही कळलं नाही. मी तर खूश होतो, चांगलं बोललो म्हणून.

मग जर्मनीचं बोलावणं आलं, एकट्या अनिमेषला. मंजू मी पण येते म्हणाली, तर त्यानं समजूत घातली, "तुझं इंग्रजी अडखळतं गं, मी बोलून येतो." आला तो कागदांवर सह्या करूनच. गेम करणारा म्हणून नाव अनिमेषचं. मंजूला कळलं ते गेम बाजारात आल्यावर. शेवटी पडद्यावर नावं सरकतात, त्यात अगदी खाली आभार होते: मंजुश्री आणि तिचे वडील. मुरुडात लोक मला पेढे मागायला लागले, परदेशी गेममध्ये नाव आलं म्हणून. लातूरच्या त्या क्लासनं फ्लेक्स लावला, 'आमची माजी विद्यार्थिनी'. एका मुलाखतीत अनिमेष म्हणाला, ती वाटी म्हणजे आमच्या संस्कृतीतलं प्रतीक आहे. प्रतीक म्हणे! माझ्या बहिणीची वाटी ती. बुडाला पोचा होता तिला.

मी नांदेडला जाऊन त्याच्या क्लासमध्ये, पोरांसमोर त्याला वाट्टेल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "अप्पा, तुम्हीच म्हणालात ना? मी शब्दाला शब्द सांगितला." त्याच्या टेबलावरचं पाणीसुद्धा न पिता परत आलो.

मंजू माझ्याशी भांडली नाही. ती बोलायचीच बंद झाली. माळ्यावरच्या खोलीत बसून तिनं दुसरा गेम सुरू केला आणि जगभर पत्रं लिहायला लागली. कुणी उत्तर दिलं नाही की परत लिहायची. पोलंडची एक पोरगी आणि ब्राझीलचा एक दाढीवाला, असे दोघं टिकले. दर शनिवारी सकाळी तिघं कॉम्प्युटरवर भेटायचे आणि एकमेकांचं अर्धवट काम दाखवून त्याला नावं ठेवायचे. मंजूचं इंग्रजी पत्र्यावरून खडी ओतल्यासारखं ऐकू यायचं, पण थांबायचं नाही. मी जिन्यात उभा राहून ऐकायचो. 'आय', म्हणजे मी, हा एक शब्द मला कळायचा. तो ती पुन्हा पुन्हा म्हणायची.

एकोणीस साली बेंगळुरूच्या मेळाव्याला ते दोघंही येणार होते. मंजूनं तिकीट काढलं, एकच. मला सांगितलंही नाही, तिच्या आईकडून कळलं. मी तरी लातूरच्या स्टँडवर सोडायला गेलो. आठ दिवस गिऱ्हाईक सोडून एक वाक्य घोटलं होतं. ती खिडकीशी बसल्यावर खालूनच म्हणून दाखवलं, "माय डॉटर मेड. ऑल. ओन्ली माय डॉटर."

शेजारच्या खिडकीतला माणूस वाकून बघायला लागला. मंजूनं नीट ऐकून घेतलं. चूक काढली नाही.

"हे हैदराबादेत पायजे व्हतं, अप्पा," ती म्हणाली. "आता मला सांगता येतंय."

कंडक्टरनं घंटी मारली. तिनं खिडकीची काच ओढून घेतली.