मसुराएवढा ठिपका

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. दूधवाल्याने माप भरलं की मी ते वाकून बघते. नोकरीही तशीच मिळाली. सरकारी कचेरीत अठ्ठावीस वर्षं लोकांचे दाखले तपासले, शिक्का खरा की खोटा ते पाहिलं. त्यामुळे वडिलांची जुनी मेटाडोर दुरुस्तीला टाकायची वेळ आली, तेव्हा अख्ख्या नाशकात एक माणूस मला भरवशाचा वाटेना.

वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. नोकरी सुटल्यावर त्यांनी ही निळी गाडी घेतली आणि वीसेक वर्षं तिच्यातून माणसं वाहिली. पाळीचे कामगार, लग्नाची वऱ्हाडं, आणि दर बुद्ध पौर्णिमेला आमच्या कॉलनीतल्या बायका, लेण्यांवर. लिहायला ते चाळिशीत शिकले, कारखान्यातल्या प्रौढांच्या वर्गात. गाडी घेतली त्या आठवड्यात त्यांनी पेंटर बोलावला नाही. स्वतः पांढरा ऑइलपेंट आणला आणि सरकत्या दाराशेजारच्या पत्र्यावर ‘जय भीम’ लिहिलं. त्यातला ‘भ’ मागे कललेला आहे, आणि ‘म’चा दांडा खाली ओघळलाय. कागदांवरच्या सह्या सोडल्या तर त्यांच्या हातचं लिहिलेलं एवढंच आमच्याकडे उरलं आहे.

ते गेल्यावर गाडी इमारतीच्या आवारात उभी राहिली. वादळात गुलमोहराची फांदी टपावर पडली. मग एका टेम्पोने रिव्हर्स घेताना नेमका तोच पत्रा चेपला. आणि कहर म्हणजे गेट रंगवणाऱ्यांनी अक्षरांवर करड्या रंगाचे शिंतोडे उडवले. मी निवृत्त झाले त्या महिन्यात ठरवलं, येत्या बुद्ध पौर्णिमेला बायका याच गाडीतून लेण्यांवर जातील, आणि गाडीवरची अक्षरं वडिलांचीच असतील.

आधी गंगापूर रोडवरच्या एका चकचकीत गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने अक्षरं वाचली आणि हसला.

“मॅडम, पत्रा नवीन टाकू, फुल रंग मारू. नाव हवंच असेल तर रेडियममध्ये कापून देतो, मस्त दिसेल. पण नसलं तर गाडी कुठंही चालेल.”

‘कुठंही चालेल’ म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. एकदा एका वऱ्हाडाने वडिलांना त्या अक्षरांवर चादर टाकायला सांगितली होती. वडिलांनी टाकली. घरी आल्यावर ती चादर त्यांनी आत आणली नाही, आणि त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. तेव्हापासून ती अक्षरं वाचणाऱ्या माणसाचे डोळे मी आधी बघते.

दुसरा डेंटर सातपूरला सापडला. पन्नाशीचा, मालेगावकडचा, शेडमध्ये एकटाच गाड्यांच्या पत्र्यांचे पोचे काढणारा. त्याने अक्षरं वाचली आणि काहीच बोलला नाही. हसला नाही, कपाळावर आठी नाही. वाचून गप्प बसणारा माणूस मला जास्त खटकतो. मनात पाल चुकचुकली. तरीही गाडी त्याच्याकडे टाकली, कारण तो गॅस लावणार नाही म्हणाला.

“गरम केला का रंग फुगतो, ताई. आतून लाकडी हातोड्यानं काढू. टाइम लागंल.”

“मूळ रंगातला एक कणही जाता कामा नये,” मी बजावलं.

“नाय जाणार.”

इतक्या चटकन दिलेल्या शब्दावर मी आयुष्यात विश्वास ठेवलेला नाही. पत्रा बदलायचा, अक्षरं बघून बघून गिरवायची आणि माझ्या गळ्यात मारायची, याला असा कितीसा वेळ लागणार? तो पाणी प्यायला शेडमध्ये गेला तेवढ्यात मी पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं. भाचीचं होतं, मुद्दाम आणलं होतं. अक्षरांखाली पत्र्याची कड आत वळते, तिथे मसुराएवढा ठिपका लावला. पत्रा बदलला तर ठिपका जाणार, आणि मला कळणार.

टप महिन्याभरात सरळ झाला. तळाचा गंज निघाला. चेपसुद्धा मला आश्चर्य वाटावं इतका साफ निघाला. आणि मग काम थांबलं.

“काम चालू शे, ताई,” फोनवर एवढंच उत्तर. बघायला जावं तर हा स्टुलावर बसलेला, हातात अर्धं ब्लेड आणि ओलं फडकं. आठवड्यात तळहाताएवढी जागा साफ. शेजारच्या शेडमधल्या वेल्डरला मी हळूच विचारलं.

“थिनरचा बोळा फिरवला का दोन दिसाचं काम हाय,” तो म्हणाला. “जुना रंग पक्का असतो, हलक्या हातानं केलं तर काय होत नाय. हा का खरवडत बसलाय, त्यालाच ठाऊक.”

म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. हा मुद्दाम वेळ काढणार, पौर्णिमा तोंडावर आली की काखा वर करणार, आणि म्हणणार, ताई, आता रंग मारण्यावाचून इलाज नाही. मी घरातल्या घरात त्याच्याशी तीनदा भांडून घेतलं.

पौर्णिमा पाच दिवसांवर आली तेव्हा न कळवता गेले. गाडी शेडबाहेर उभी होती, आणि अक्षरांवर चादर टाकलेली होती.

माझ्या अंगाची लाही झाली. “ही चादर कोणी टाकायला सांगितली?” मी रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

“बाजूला ग्राइंडिंग चालू शे,” तो म्हणाला. “कचरा बसतो.”

मी चादर खेचून काढली. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, एकही करडा शिंतोडा नाही. ‘भ’ तसाच मागे कललेला, ‘म’ तसाच ओघळलेला. डोळे भरून आले. पण स्वभाव कुठे जातो? मी तिथल्या तिथे खाली वाकले आणि कडेला बघितलं.

“हाय ना?” मागून तो म्हणाला.

ठिपका होता.

“पहिल्याच दिवशी दिसला. नखाला लावायचं हाय ते. थिनर मारलं असतं तर खाली ओघळून त्याला घेऊन गेलं असतं. तुम्हाला वाटलं असतं, पत्रा बदलला. म्हणून ब्लेडनं काढलं.”

“मला सांगायचं ना,” मी म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही दुसरी खूण केली असती.”

खोटं काय होतं त्यात? केली असती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्या उशिरावर मी महिनाभर संशय घेत होते, आणि तो उशीर माझ्या संशयाने केला होता. थिनर द्या, तो ठिपका मी पुसून टाकते म्हणाले, तर तो हातोड्या गोळा करत म्हणाला, एकही कण जायला नको असं ठरलं होतं.

पौर्णिमेला पांढऱ्या साड्या नेसून बायका गाडीत बसल्या. खिरीचं पातेलं मधे. लेण्यांच्या पायथ्याशी उतरल्यावर आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी अक्षरांवरून हात फिरवला, अगदी खालपर्यंत, आणि विचारलं, “हे लाल काय गं लागलंय?”

मी खरं ते सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. खीर वाढता वाढता म्हणाल्या, “मग त्याला बोलावलंस ना आज?”

बोलावलं नव्हतं. तो आपल्या हातची खीर खाणार नाही, हे मी त्याला न विचारताच ठरवून टाकलं होतं.