प्याद्यांनी सोडलेलं घर

"अर्ज ठेवा तिथं. आधी पट मांडा," मॅनेजर साहेब म्हणाले.

वडीगोद्रीजवळच्या बियाणं प्लांटवर मी फिटर होतो. बायको कौसा टेंभुर्णीला अंथरुणावर. पोटात गाठ. डॉक्टरनं हात टेकले होते. माझ्या रजा संपल्या होत्या. टेंभुर्णीच्या गोडाऊनला बदली पायजे होती.

"मला हरवा, लगेच सही करतो."

मला चेष्टा वाटली. पण लंचला बुद्धिबळाचा पट खरंच मांडला. वेळ संपली की डाव दुसऱ्या दिवसावर.

साहेबांच्या नियमात प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं. आमच्या देशी खेळात एकच. त्यांनी मधलं एक प्यादं मागं ठेवलं आन् त्याच्या दोन्ही बाजूची प्यादी दोन-दोन घरं पळवली. प्यादं मागं येत न्हाई, आन् मारतं तेही पुढं, तिरपं. म्हणून त्या दोघांच्या मधलं घर राखायला एकही प्यादं उरलं न्हाई. त्याला मी कच्चं घर म्हणतो. तिथं घोडा बसला की हाकलणं मुश्कील.

पण साहेबांचा एक घोडा आन् एक उंट त्या घरावर नजर ठेवून होते. पहिल्या दिवशी घोड्याला घोडा देऊन तो काढला. दुसऱ्या दिवशी उंट काढला.

आमचे ऑपरेटर शेखभाई मागं उभे होते. "मिस्त्री, शह देऊन मोकळे व्हा ना. अंडे उबवून राह्यले काय?"

"घाई केली तर घर हातचं जाईल."

"जाऊ द्या. भाभी तिकडं वाट पाहून राह्यली."

मी ऐकलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी घोडा बसवला. चौथ्या दिवशी तिथूनच उडी मारून राजाला शह दिला, त्याच उडीत हत्तीवर मार. हत्ती गेला. थोड्या वेळानं साहेबांनी राजा आडवा केला.

"ते घर कधी दिसलं तुम्हाला?"

"पहिल्याच दिवशी."

"मंग चार दिवस?"

"घोडा बराबर बसवायचा होता, साहेब."

त्यांनी सही केली. माणूस शब्दाचा पक्का, ते मी नाकारत न्हाई.

संध्याकाळी टेंभुर्णीला पोचलो. कौसानं डोळे उघडले. "सोडलं का त्यायनं?"

"हौ. डाव जिंकलो."

"बरं झालं," म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची वाचा गेली. पाचव्या दिवशी ती गेली.

कच्चं घर दिसलं की सबुरीनं खेळावं, हे मी आजही शिकवतो. पण तवा मी पहिल्याच दिवशी पट सोडून एसटी धरायला पायजे होती. नोकरी गेली असती, एवढंच. फिटरला दुसरी नोकरी मिळते.