धरणाखालच्या म्हशी

दोन हजार सालानंतर मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका धरणावर अभियंता होतो. तांड्यावरचा एक म्हातारा रोज धरणाखाली म्हशी चारायचा. रुमालानं तोंड पुसत म्हणायचा, "साहेब, पाऊस आता हंगामाच्या सरतीला एकदम येऊन राहिला. धरण काठोकाठ भरू नका, थोडं थोडं सोडा."

मी धरणात कधी किती पाणी साठवायचं याचा सरकारी तक्ता दाखवायचो. त्यात ऑगस्टअखेर धरण भरायचं, असं लिहिलं होतं.

सप्टेंबरात तसाच पाऊस कोसळला. सगळे दरवाजे एकदम उघडावे लागले. त्याच्या दोन म्हशी वाहून गेल्या.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं माझीच समजूत काढली. "कागदाला पाऊस कळला न्हाई साहेब, तुमी तरी काय करणार?"

तक्ता जुन्या काळच्या पावसावर बेतलेला आहे, हे मला आधीपासून ठाऊक होतं. ते मी त्याला सांगितलं नाही. मान खाली घालून नुसता चहा पाजला.