बुलढाण्यात हिटर कशाला

जानेवारीतल्या एका सकाळी राजूर घाट उतरताना बाबा मागच्या सीटवरून म्हणाले, "थांबव गाडी. काचा खाली कर आधी."

मागची सीट म्हणायची ती नावालाच. त्या जुन्या जर्मन स्पोर्ट्स कारला मागे दोन खोलगट जागा आहेत, त्यात शाळेची दप्तरं जेमतेम मावतील. बाबा तिथे गुडघे हनुवटीला लावून बसले होते, कारण पुढे आई होती. तिला थंडी वाजत होती म्हणून मी हिटरची दांडी वर ओढली होती. मी गाडी कडेला घेतली. बाबांना बाहेर काढायला आम्हा दोघींना त्यांचे हात धरून ओढावं लागलं.

"हिटरमधून सायलेन्सरचा धूर येऊन राह्यला," ते कपडे झटकत म्हणाले. "डोक्शात चढला असता त तिघंही दरीत गेलो असतो."

बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाच्या नाकावर शंका घ्यायची नसते. हिटर बंद करून, काचा उघड्या ठेवून आम्ही घाट परत चढलो. आई शाल नाकापर्यंत ओढून बसली होती. घरी पोचल्यावर ती एवढंच बोलली, "हिटर नसन त मी तुह्या गाडीत बसत नाही."

ही गाडी मी आदल्या पावसाळ्यात घेतली होती. मी बुलढाण्यात दातांची डॉक्टर. नाशिकच्या एका म्हाताऱ्या सर्जनना गुडघ्यांमुळे तीत बसता येईना, म्हणून त्यांनी ती विकायला काढली आणि मी एका फोनवर हो म्हणून बसले. इंजिन मागच्या बाजूला, सहा सिलिंडरचं, आणि वाऱ्यावर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही. पाणीच नाही म्हटल्यावर हिटरला गरम पाणी कुठून येणार? त्यासाठी तिच्या बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली होती. इंजिनातून निघणारे धुराचे पाइप तापतात, त्यांच्याभोवती पत्र्याचं एक कवच घालायचं, त्या दोहोंमधून पंख्याची हवा सोडायची आणि तापलेली हवा आत माणसांच्या पायाशी आणायची. दोन्ही बाजूंना एकेक अशी जोडी. त्यांना हीट एक्स्चेंजर म्हणतात.

आईला हे सांगायला मला दहा मिनिटं लागली असती. बाबांनी एका वाक्यात सांगितलं. "अवं, आपला आंघोळीचा बंब. मधात जाळ, भवताल पाणी. इथं पाण्याच्या जागी हवा."

"मंग बंबाले भोक पडलं म्हना," आई म्हणाली.

भोक होतंच. पण ते बघायला एक्स्चेंजर खाली काढायला हवे, आणि ते धरून ठेवणारे बारा नट गंजून एकजीव झालेले. जोर लावला की नट निघत नाही, आतला बोल्टच तुटतो आणि मग सगळं इंजिन उतरवावं लागतं. बाबांनी गाडी जॅकवर चढवली, खाली ठोकळे लावले, पोत्यावर पाठ टेकली आणि माझ्याकडे गॅसचा बर्नर आणि एक साधी मेणबत्ती मागितली. ते नट लाल होईपर्यंत तापवत, मग त्याला मेणबत्ती टेकवत. मेण वितळून आट्यांत शिरायचं. मग पाना लावून आधी घट्ट केल्यासारखं, मग सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. मी बाहेर बसून मोजत होते. सात, आठ, नऊ. दहाव्याला कर्र असा आवाज आला आणि आम्ही दोघंही श्वास रोखून थांबलो. "काही नाही, गंज बोलला," बाबा म्हणाले. बाराही अख्खे निघाले. सत्तरी पार केलेले माझे बाबा त्या पोत्यावर पडल्या पडल्या हसत होते आणि मी अंगणात कोणी बघत नाही ना हे पाहून एक गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातून तोंडात घालायचा छोटा आरसा आणि कीड शोधायची आकडी आणली. पाइपाच्या आत आरसा फिरवत गेले. डाव्या बाजूला तिसऱ्या पाइपाच्या वळणावर आकडी सरळ आत गेली.

"खोल आहे," मी म्हणाले. "सिमेंट भरून नाही भागायचं."

"काढूनच टाका लागते, डॉक्टरीणबाई," बाबा म्हणाले.

आता नवे कोणते घ्यायचे, यावर आमच्या घरात पुढचे तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. मूळचे होते तसे साध्या लोखंडी पत्र्याचे मिळत होते, पण ते पुन्हा गंजणार. स्टेनलेस स्टीलचे इंग्लंडहून येत होते, दोन मापांत. एकात मूळच्या जाडीचे पाइप, दुसऱ्यात जरा मोठे. तिसरा मार्ग पुण्याच्या एका माहीतगारानं फोनवर सांगितला: कवच वगैरे काही नको, नुसते उघडे पाइप लावा, वजन कमी होतं, आवाज सुंदर येतो. "आणि मॅडम, विदर्भात हिटर कशाला?"

मला त्या वाक्याचा इतका राग आला की मी त्याला बुलढाणा डोंगरावर आहे, इथे डिसेंबरात बोटं वाकत नाहीत, हे सगळं एका दमात ऐकवलं. खरं म्हणजे उघड्या पाइपांचा आवाज मी मोबाइलवर गुपचूप सहा वेळा ऐकला होता आणि माझं मन पाघळलं होतं. पण आईची अट होती. मग मी मोठ्या पाइपांचे स्टेनलेस धरून बसले.

"मोठे काऊन?" बाबांनी विचारलं.

"वरच्या स्पीडला ताकद जास्त येते."

"वरची स्पीड तू कुठी लावशीन? मोताळ्याच्या बाजारात? तुले ताकद घाटात पाह्यजे, इंजिन हळू फिरते तवा. तिथं बारीक पाइपच बरा. धूर जोरात निंगते."

मी वाद घातला, कागदावर आकृती काढली, दोन दिवस रुसलेही. मग वाचून पाहिलं तर बाबांचंच बरोबर निघालं. माझ्या छोट्या इंजिनाला मोठे पाइप उलट सुस्त करणार होते. मी मूळ मापाचे स्टेनलेस मागवले आणि पुण्याला फोन करून तसं कळवलंही, कारण नसताना.

खोकं आलं ते मे महिन्यात. आम्ही ते ओट्यावर उघडलं. नवे एक्स्चेंजर इतके चकाकत होते की आईनं एकाला हात लावून म्हटलं, "हे गाडीखाली लपवनार?" बाबांनी दोन दिवसांत ते बसवले, नवे तांब्याचे नट लावून. आता खरा प्रश्न उभा राहिला. हिटर चालतो की नाही हे कळायला डिसेंबरपर्यंत थांबायचं?

कोणालाच थांबवेना. मी विषारी धुराची सूचना देणारं छोटं यंत्र पुढे चिकटवलं आणि भर दुपारी, अंगाची काहिली होत असताना, आम्ही तिघं देऊळघाटच्या रस्त्याला निघालो. काचा बंद. हिटर पूर्ण वर.

"वास येते का?" मी विचारलं.

"नाही येत," मागून बाबा, नाक पुढे काढून.

"गरम होते का?"

"माय वं," आई म्हणाली, "पायाची भाकर झाली."

घामानं आमचे कपडे अंगाला चिकटले होते. यंत्र गप्प होतं. समोरून ट्रॅक्टर आला, त्यावरच्या माणसानं बंद काचांतले आमचे तीन लालबुंद चेहरे पाहिले आणि वेगच कमी केला. आधी आईला हसू फुटलं. मग बाबांना, मग मला, इतकं की मला गाडी निंबाच्या सावलीत उभी करून काचा उघडाव्या लागल्या.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. "एसी बिघडला काय?"

"नाही," बाबा डोळे पुसत म्हणाले, "हिटर दुरुस्त झाला."

तो माणूस वळून ट्रॅक्टरकडे गेला. मग त्यानं आपली पाण्याची कॅन आणली आणि आईच्या ओंजळीत पाणी ओतलं.