पायाळूचा पाय

मी पायाळू. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले. आमच्या चिखलीकडे कोणाच्या कमरेत उसण भरली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. त्यामुळे गावातली भली भली मंडळी माझ्यापुढं पालथी पडलेली मी पाहिली आहेत, बरं का!

लग्न होऊन मी मेहकरला आले. एका हिवाळ्यात माझे बाबा एसटीनं आले, पाणी प्यायले आणि हळूच म्हणाले, “जावई कुठी गेले?”

“दुकानात.”

“मंग लाव बरं पाय. कंबर लय धरली. जावयासमोर पालथं पडू का आता?”

मी पाय लावला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. लघवीही अडायची, पण ते वयाचं म्हणून सोडून दिलं. कमरेचा नि लघवीचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात येणार?

शेवटी बुलढाण्याला नेलं. डॉक्टरांनी कमरेचा फोटो काढून उजेडापुढं धरला. मणके पांढरेशुभ्र! काळा डाग दिसता तर मी घाबरले असते. मी आपली खुशीत म्हणाले, “बाबाची हाडं तं अजून मजबूत हायेत!”

डॉक्टरांनी बाबांना बाहेर बसवून मला समजावलं. पुरुषाला लघवीच्या पिशवीखाली एक ग्रंथी असते. कॅन्सर तिथला; रक्तातून तो मणक्यांत उतरला. तिथं हाड वेडंवाकडं, दाट वाढतं, म्हणून फोटोत जास्त पांढरं दिसतं. पण दाट दिसलं तरी ते कच्चं असतं. पाठीवर भार देऊ नका. गोळ्यांनी दुखणं कमी होईल, आजार मुळापासून जाणार नाही.

बाबांना आम्ही “हाडात वारं शिरलं” एवढंच सांगितलं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, “माय, पाय लाव.” जावई समोरच बसलेले, तरी बाबा पालथे पडले. मी दाराची चौकट धरली, सारा भार एका पायावर घेतला आणि दुसरा त्यांच्या पाठीवर नुसता टेकवला.

“जोर काऊन नाही देत वं?”

“देऊन तं राह्यली, बाबा.”

त्यांनी मान वळवून चौकटीवरच्या माझ्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाले, “राहू दे मंग तसाच. ऊब लागते.”

खालच्या पायाला मुंग्या आल्या, तरी मी चौकट धरून तशीच उभी राहिले.