अलगदमामांचा वस्तरा

सलूनमध्ये सगळे त्यांना अलगदमामा म्हणत. वस्तरा असा फिरायचा की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागे. त्या एका हातावर घर उभं होतं, आणि नेमका तोच हात दगा देऊ लागला.

वस्तरा चालता चालता दंड ताठ व्हायचा, बोटं आखडायची, त्याच बाजूची जिवणी कानाकडे ओढली जायची, डोळा बारीक व्हायचा. पापणी लवते न लवते तोच सगळं जिथल्या तिथे.

"मामा, या वयात कुणाला डोळा मारताय?" गिऱ्हाइकं हसली. मामीही हसल्या. मग एकाच्या गालावर रक्ताची रेघ उमटली. मामांनी वस्तरा मिटला. "आता कुणाच्या गळ्याजवळ जायचं नाही मी," म्हणाले आणि नुसते केस कापू लागले.

जवळच्या डॉक्टरांनी 'मनाला लावून घेता' म्हणून गोळी दिली. दुसऱ्यांनी मेंदूचा आलेख काढला, तो चांगला आला. तिसऱ्यांना रक्तात मीठ कमी दिसलं. बुडत्याला काडी मिळाली. मामी भाजीत, भातात, पाण्यातसुद्धा मीठ घालू लागल्या.

"अगं, त्यापेक्षा समुद्रातच नेऊन बसव मला," मामा म्हणाले. जेवून ताट उचललं आणि थोड्या वेळाने विचारलं, "आज जेवायचं नाही का?"

मामी देवापुढे हात जोडून बसल्या. पण मागायचं काय, हात की आठवण, तेच ठरेना.

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तो झटका मोबाइलवर टिपला. "ही फिट आहे."

"फिट? हे तर कधी पडत नाहीत, तोंडाला फेस नाही."

"प्रत्येक फिट माणसाला पाडत नाही, मामी."

रक्त आणि मणक्यातलं पाणी तपासायला गेलं. आठवडाभर मामी बाकावर बसून राहिल्या. मग बाईंनी समोर बसवून सांगितलं, "रोगाशी लढायला शरीर पहारेकरी तयार करतं. यांचे पहारेकरी चुकून यांच्याच मेंदूवर उठलेत. मीठही त्यामुळेच घटलं. नुसत्या फिटच्या गोळ्या पुरणार नाहीत, त्या पहारेकऱ्यांना आवरावं लागेल."

"म्हणजे घरचेच की! खाल्ल्या मिठालाही जागले नाहीत मेले."

बाईंना हसू आलं, पण टिकलं नाही.

स्टिरॉइडची सलाईन लागली. मामांचा चेहरा सुजला, भूक खवळली, चिडचिड वाढली. पण झटके विरळ होत थांबले.

"आणि विसरणं?" मामींनी विचारलं.

"सुधारेल थोडं. किती, ते नाही सांगता येत. लवकर यायला हवं होतं." बाई हळूच बोलल्या, तरी ते मामींच्या काळजात रुतलं. आल्या तर होत्याच, तीन दारं ठोठावून.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर मामा दुकानात उभे राहिले. पहिलं गिऱ्हाईक मामींचे धाकटे दीर.

"भावजी, नक्की बसताय ना?" मामींनी विचारलं.

"वहिनी, दादाने कापलं तर घरचंच रक्त. चालवा, दादा!"

वस्तरा गालावरून, हनुवटीखालून, गळ्यावरून फिरला. हात जरासुद्धा थरथरला नाही. मामींचे डोळे भरून आले. मामांनी तोंड पुसून दिलं, ब्रश धुवायला वळले, परत फिरले.

"अरे, तू कधी आलास? आणि दाढी केवढी वाढवलीस!"

गुळगुळीत गालावर त्यांनी पुन्हा साबण लावायला घेतला. मामींनी तोंड उघडलं. आरशातून भावजींनी मानेनेच नको म्हटलं.

"लग्नघरी जायचंय, दादा," ते म्हणाले, "नीट करा." आणि डोळे मिटून गळा पुढे केला.