सातव्या पायरीचा दगड

“तिचं नाव कशाला घ्यायचं? टूलरूममधल्या कामगाराची पोरगी ती. आणि बोलणार काय आहे? कायम तोंडात गुळणी धरलेली.”

फोरमनसाहेब हे आतल्या खोलीत बायकोला सांगत होते. मी त्यांच्या दारात उभी होते, एक चप्पल काढलेली, एक पायातच. हातात फुलस्केपचे अकरा कागद होते, माझ्या अक्षरातले. मी काढलेली चप्पल परत पायात सरकवली आणि जिना उतरले.

त्या वर्षी आमच्या पिंपरीच्या कॉलनीची सहल मुंबईला जाणार होती. दर वर्षी देहू, आळंदी नाहीतर लोणावळा असायचं. साहेब मंडळाचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरवलं की यंदा मुंबईच्या जुन्या इमारती बघायच्या, माहितीसकट. माहितीचं पुस्तक त्यांनी कुठूनतरी मिळवलं होतं. ते इंग्रजीत होतं, आणि साहेबांचं इंग्रजी ड्रॉइंगवरच्या मापांपलीकडे जात नव्हतं. म्हणून ते पहिल्यांदा आमच्या घरी आले. लोखंडी खुर्चीवर बसले. वडील उभेच राहिले, स्वतःच्या घरात.

“पोरी, याचं मराठी करून दे,” ते म्हणाले. “तिथं वाचून दाखवू. तुझं नाव सगळ्यांसमोर घेईन हो.”

ते गेल्यावर वडिलांनी त्यांचा चहाचा कप स्वतः उचलून विसळला. असं ते कधी करत नसत.

मला इंग्रजी शाळेत घातल्याबद्दल कॉलनीत वडिलांना खूप ऐकावं लागलं होतं. नळावर मला विचारायचे, “काय मॅडम, पाणी इंग्रजीत भरता का मराठीत?” मी उत्तर देत नसे. शाळेत माझं इंग्रजी बाकीच्या मुलींसारखं नव्हतं म्हणून गप्प, कॉलनीत माझं मराठी कुणी खरं धरत नव्हतं म्हणून गप्प. पण दर रविवारी गावाकडचं पत्र वडील मलाच लिहायला लावत, आणि एक वाक्य कच्चं निघालं तरी पुन्हा लिहायला लावत. माझं मराठी तिथे घडलं. हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. साहेबांनी नाव घेतलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं.

तीन आठवडे मी कॉलेजातून आले की पत्र्याच्या ट्रंकेवर कागद ठेवून लिहीत बसे. पुस्तकात कोरडी माहिती होती. मी तिच्यात जीव घातला. गेटवेबद्दल मी लिहिलं: ‘राजा आला तेव्हा इथे पुठ्ठ्याची कमान होती. दगडाची पुरी व्हायला वर्षं लागली, आणि शेवटी तिच्याखालूनच गोरे शिपाई परत गेले.’ हे वाक्य जमलं त्या संध्याकाळी मी जेवताना उगाच हसत होते.

दारातून परत आले तेव्हा वडिलांनी विचारलं, “दिलंस?”

“एक पान राहिलंय.”

वडील टूलरूममध्ये गेज बनवायचे, म्हणजे ज्याने बाकीच्यांचं काम मापतात ते माप. प्रत्येक गेजवर, सहज दिसणार नाही अशा कोपऱ्यात, ते आपल्या नंबराचा पंच मारायचे, लोखंडात ठोकलेला ठसा. तो नियमच होता. ज्याचं काम त्याचा पंच. मी ठरवलं, आपणही पंच मारायचा.

बारावं पान मी शांतपणे लिहिलं. टाउन हॉलबद्दल सगळं खरं लिहून झाल्यावर शेवटी हे घातलं: ‘चाकणच्या भुईकोटाचा बुरूज सुरुंगाने उडाला. त्यातला एक दगड फिरत फिरत मुंबईला आला आणि या टाउन हॉलच्या पायऱ्यांत बसला.’ पुस्तकात असं काही नव्हतं. जगातल्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. साहेब हा लेख पुढे आपल्या फोटोसकट कंपनीच्या गृहपत्रिकेत छापणार, हे सगळ्या कॉलनीला माहीत होतं. पत्रिका पुण्यातली जाणती माणसं वाचत. कुणीतरी पत्र लिहिणार, पुरावा मागणार, हसणार. मला फक्त वाट बघायची होती, आणि वाट बघणं मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी कागद दिले. साहेब म्हणाले, “शाब्बास.” मी मान हलवली.

मुंबईत समुद्राचा वारा कागद उडवत होता. साहेबांनी गेटवेसमोर ते दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि माझं पुठ्ठ्याच्या कमानीचं वाक्य मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या.

“वा साहेब! काय अभ्यास आहे!”

“वीस वर्षांचं वाचन आहे, राव,” साहेब म्हणाले. “असं एका दिवसात येत नाही.”

वडील मागच्या रांगेत होते. ते माझं नाव येण्याची वाट बघत होते, त्यांची मान जरा पुढे आलेली होती. नाव आलं नाही. घड्याळाच्या मनोऱ्यापाशीही आलं नाही. तिसऱ्या ठिकाणी त्यांची मान सरळ झाली होती. ते बघून माझ्या पोटातला राग थंड आणि धारदार झाला. छाप, मी मनात म्हणत होते, लवकर छाप.

मग टाउन हॉल. रुंद पायऱ्या, वर जाडजूड खांब. सगळे पायऱ्यांवर पसरून बसले. साहेबांनी बारावं पान काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं. चाकणचं नाव येताच गलका झाला. आमच्यात निम्मे लोक त्याच बाजूचे.

कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशी ताडकन उठल्या. त्यांचं माहेर चाकणचं, किल्ल्याच्या तटाला लागूनच.

“आमच्या किल्ल्याचा दगड? हितं? कंची पायरी वो, सायेब?”

साहेबांनी कागदाकडे पाहिलं. कागदावर ते नव्हतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. साहेबांनी छत्री उचलली, खालून मोजत गेले आणि टोक टेकवलं.

“ही. सातवी. मी स्वतः जुन्या दप्तरात वाचलंय.”

माझ्या खोट्याला त्यांनी स्वतःहून पाय दिले होते. आता त्यांना सुटता येणार नव्हतं.

पण मावशी सातव्या पायरीशी गेल्या. चपला खाली काढून गेल्या. अंबाड्यातलं फूल काढून दगडावर ठेवलं आणि कपाळ टेकवलं.

“त्याच तटाखाली माझा बाप कांदा वाळवायचा,” त्या म्हणाल्या. “आन ह्यो बघा कुटं येऊन बसलाय, येकला.” मग पदराने डोळे पुसून हिशेब लागल्यासारख्या म्हणाल्या, “म्हैन्याभरात समद्यांना घेऊन येते. भाऊ, भावजया, पोरं. नारळ फोडाया पायजे. व्हय का न्हाई, सायेब?”

“हो तर! आणाच,” साहेब म्हणाले.

वडील वाकले. त्यांनी दगडावर नख फिरवलं, मग बोटाचं पेर. आमच्याकडचा काळा दगड त्यांना डोळे मिटूनही ओळखता आला असता. हा तो नव्हता. त्यांनी मान वर केली ती थेट माझ्याकडे. गेज उजेडात धरून बघतात तसं बघितलं. त्यांना पंच सापडला होता.

साहेबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. “काय, बघताय ना? याला म्हणतात वाचन. नुसती पोरगी इंग्रजी शाळेत घालून काय होतं!”

“जी, साहेब,” वडील म्हणाले आणि दगडावरचा हात काढून घेतला.

वडील एकदा म्हणाले होते, चांगल्या कामावरचा पंच कोणी बघत नाही, काम रिजेक्ट झालं की शोधतात. तेव्हा मला ते नुसतंच कारखान्यातलं बोलणं वाटलं होतं. आता कळलं, अकरा पानांवर माझा नंबर नव्हताच. तो होता तो एका खोट्या ओळीवर. अकरा पानं मागायची तर बारावं कबूल करावं लागणार होतं. गप्प राहिले असते तर दोन महिन्यांत पत्रिका निघून साहेब आपोआप उघडे पडले असते, आणि ते जास्त गोड झालं असतं. पण त्याआधी मावशी नारळ घेऊन इथे येणार होत्या, सगळ्या घराला घेऊन. साहेबांची मला दया आली नव्हती. आजही येत नाही. वडिलांना सोमवारी त्यांच्याच हाताखाली उभं राहायचं होतं, तेही मला दिसत होतं.

मी उठले. सहा पायऱ्या चढून मावशींच्या शेजारी गेले, दगडावरचं फूल उचललं आणि त्यांच्या हातात दिलं. मग साहेबांकडे वळले. सगळी कॉलनी बघत होती. माझा आवाज त्यातल्या बहुतेकांनी कधी ऐकलाच नव्हता.

“बाराही पानं मी लिहिलीत, साहेब. आणि चाकणचा दगड खोटा आहे, तो मी मुद्दाम घातला, तुमच्यासाठी.”